काट्यावरची ओटी

शामलाच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मोजून घेऊ, म्हणजे तिला वेडी म्हणायचं की हिशेबी हे ज्याचं त्याला ठरवता येईल. सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा. सव्वीस साते एकशे ब्याऐंशी. एकशे ब्याऐंशी दिवस घरी बसायचं, लेकरू पाजायचं, निजवायचं, आणि सात तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज वाचायचा. या बदल्यात कायदा तिच्याकडून एकच गोष्ट मागत होता: बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवसांचं काम. ऐंशी दिवस म्हणजे काय, बऱ्या काळात होळीला मोजायला घेतले की ज्येष्ठात भरतात. पण काळ बरा नव्हता. साल दोन हजार वीस होतं.

हे कलम तिने मोबाइलवर वाचलं. म्हणजे त्याचं पहिलं वाक्य वाचलं. ऐंशीचा आकडा दिसल्याबरोबर तिने मोबाइल उलटा ठेवला आणि मनातल्या मनात हजेरीपट उघडला. खालची चार ओळींची पुरवणी वाचायची राहिली. माणूस आपल्या धंद्यातला शब्द दिसला की तिथेच थांबतो. शामलाचा धंदा हजेरीचा होता.

इतवारी बाजारात भांड्यांच्या ओळीत कृष्णकांत शेठचं ठोक दुकान. डबे, पराती, गंज, गुंड, कोठ्या, सगळं स्टील किलोवर विकायचं. चौदा माणसं कामाला. शामला समोर काट्यापाशी बसायची. माल तोलायची, वजनाची चिठ्ठी फाडायची, आणि सकाळी चौदा जणांच्या सह्या घ्यायची. या कामात ती फार कडक. सही आहे तो दिवस आहे, सही नाही तो दिवस उगवलाच नाही. शेठच्या सख्ख्या भाच्यालाही तिने एकदा खाडा लावला होता. तो रुसला, शेठ हसले, खाडा राहिला.

तर त्याच डोळ्यांनी तिने स्वतःचा हिशेब घातला. कामावर लागली तीन फेब्रुवारीला. फेब्रुवारीच्या सह्या तेवीस. मार्चच्या, वीस तारखेपर्यंत, सोळा. एकूण एकोणचाळीस. मग बाजारच बंद झाला. जूनमध्ये पट पुन्हा हातात आला तेव्हा तिनेच मधल्या सगळ्या रकान्यांतून लाल शाईची रेघ ओढून वर ‘बंद’ असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती आठ जानेवारी. राहिले एक्केचाळीस.

एक्केचाळीस दिवस सहा आठवड्यांत झाले असते. पण बाजार उघडला तो सम-विषम. आज या बाजूची दुकानं, उद्या त्या बाजूची. पुढे सम-विषम उठलं, तरी शेठनी निम्मी निम्मी माणसं एक दिवसाआड बोलवायची रीत तशीच ठेवली. अंतरही राखलं जातं, आणि निम्म्या दिवसांचा पगारही निम्माच होतो. आठवड्याला तीन सह्या. पोट मात्र सम-विषम पाळत नव्हतं, ते रोज वाढत होतं.

आता कोणी म्हणेल, सांगून का नाही टाकलं? सांगितलं असतं तर काय झालं असतं ते रितिकाला विचारा. शामलाच्या आधी काट्यावर रितिका होती. तिला दिवस गेल्याचं कळल्यावर शेठनी पेढे वाटले, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, “आराम कर बेटा, अपनी ही दुकान आहे, बरं वाटलं की ये.” तिला बरं वाटलं तेव्हा काट्यावर शामला बसली होती. कृष्णकांत शेठनी उभ्या जन्मात कोणाला कामावरून काढलं नाही. ते फक्त आराम करायला सांगत.

म्हणून शामला गप्प राहिली. गप्प राहणं सोपं असतं, जर घरी बोलायला कोणी असेल. नंदनवन वस्तीतल्या तिच्या खोलीत कोणी नव्हतं. ऋषिकेश, नवरा, जूनच्या पहिल्या गाडीने पुण्याला कंपनीत परत गेला होता. संध्याकाळी फोन यायचा. “जाऊ नको कामावर, काय पडलं आहे त्या ऐंशी दिवसांत,” तो म्हणायचा. ती विचारायची, “या महिन्यात तुमचा पगार पूरा आला का?” मग दोघं डाळीच्या भावावर बोलायचे. आई मौद्याजवळच्या गावात. पण आईला सांगणं म्हणजे गावाला सांगणं, आणि त्या गावचा एक किराणावाला शेठचा पक्का गिऱ्हाईक होता.

वरच्या मजल्यावर घरमालकीण, उत्तराकाकू. सत्तरीच्या, एकट्या. साथ आल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. दोरीला टोपली बांधून सोडायच्या. शामला तीत दूध आणि भाजी ठेवायची, टोपली वर जायची. महिन्यातून एकदा त्याच टोपलीतून भाडं जायचं आणि पावती यायची. मधे जिना होता, अकरा पायऱ्यांचा. त्याच्यावर धूळ साचली होती, आणि धुळीवर एकही पाऊल नव्हतं. सकाळी उलट्या व्हायच्या तेव्हा शामला नळ मोठा सोडायची, वर ऐकू जाऊ नये म्हणून.

कॅलेंडरवर ती प्रत्येक सहीचा दिवस पेन्सिलने खुणवायची. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. बाकीचे दिवस कोरे. कोऱ्या दिवशी ती दुपारी जेवायची ताटलीत एकटीसाठी वाढून, आणि भिंतीला पाठ लावून बसायची. एकदा लक्षात आलं की दोन दिवस झाले, आपला आवाज आपणच ऐकलेला नाही. मग तिने पोटावर हात ठेवून हजेरीतली चौदा नावं म्हणून दाखवली. आणखी काय सांगणार त्याला? तिला तेवढंच पाठ होतं.

कामावर माणसांचा तोटा नव्हता. तोटा नव्हता हीच भीती. खेड्यापाड्यांचे दुकानदार दोन-अडीच महिने अडकले होते, ते सगळे काट्यावर वाकायचे. मास्क हनुवटीला. आकडा बरोबर दिसावा म्हणून आणखी जवळ यायचे, बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचे, आणि वर म्हणायचे, “बाई, बारा ग्राम जास्त दाखवून राहिला तुमचा काटा.” शामला श्वास धरून तोलायची. पराती, डबे, श्वास. सगळं सुटं सुटं.

दुकानात भांडी पुसायला, चहा करायला भागीरथाबाई होती. पंचावन्न-छप्पन्नची, विधवा, पायाने जरा अधू. तेवीस वर्षं या दुकानात तिने जितकं स्टील पुसलं तितकं शेठनी विकलंही नसेल. तिची सही म्हणजे अंगठा. एकसष्टाव्या दिवशी, जुलैच्या शेवटाला, गिऱ्हाईक जेवायला पांगलं तेव्हा ती फडकं घेऊन काट्यापाशी आली आणि पुसलेलाच काटा पुन्हा पुसू लागली.

“कितवा वं?”

“काय कितवा?”

“मले नोको शिकवू. ओढणी पुढून घेऊन राहिली दोन महिन्यांपासून. चहा टाकला की तोंड फिरवते. कितवा?”

शामलाने आजूबाजूला पाहिलं. “चौथा संपते आता. मावशी, शेठजीले...”

“शेठले काय दिसते? त्याले डब्याले पडलेला पोचा तेवढा दिसते.” भागीरथाबाई फडकं झटकत म्हणाली. “मंग घरी काहून नाही बसत? रोग हिंडून राहिला गावभर.”

शामलाने सांगितलं. ऐंशीचं, एकसष्टचं, रितिकाचं. इतक्या दिवसांनी कोणाला तरी सांगत होती, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त सांगितलं. ऋषिकेशचा निम्मा पगार सांगितला. नळ मोठा सोडते तेही सांगितलं.

भागीरथाबाईने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. “म्हणजे राह्यले किती?”

“एकोणीस.”

“एकोणीस,” ती म्हणाली. जणू भाजीचा भाव ऐकला आणि पटला. “मी आठव्या महिन्यात भट्टीवर विटा वाह्यल्या. पोरगं राह्यलं नाही. तवा कोणी मोजाले नोतं.” आणि लंगडत शेठच्या गादीकडे गेली.

शेठशी बोलायची तिची पद्धत सगळ्यांना माहीत होती. दयेचं बोलायचं नाही, नुकसानीचं बोलायचं. “शेठजी, काल उमरेडवाल्याच्या चिठ्ठीत दोन किलोचा फरक पडला. गर्दीत पोरीचं ध्यान राहत नाही. तिले अंदर बसवा, कोठ्यांच्या मागं. काट्यावर मी उभी राहतो, आकडा वाचता येते मले. मी ओरडीन, ती लिहीन.”

शेठनी दोन किलोचा विचार केला. “ठीक आहे, कर,” म्हणाले.

उमरेडवाल्याच्या चिठ्ठीत काहीही फरक नव्हता. शामलाने त्या संध्याकाळी तीनदा तपासली.

पुढच्या खेपेपासून शामला आत, स्टीलच्या कोठ्यांच्या भिंतीमागे, मागच्या दारातून येणाऱ्या वाऱ्यात. आणि भागीरथाबाई बाहेर, गिऱ्हाइकांच्या तोंडाशी. “सतरा किलो चारशे!” ती ओरडायची. “लिही वं. अजून नऊ किलो, आणि हा भाऊ नाकावर मास्क घेईन तवा पुढचं तोलीन.” भाऊ हसायचे, मास्क वर घ्यायचे, बोलायला पुन्हा खाली ओढायचे. कोठ्यांमागून शामलाला फक्त आवाज यायचा. बाकी सगळं जग म्हणजे एक आकडा सांगणारा आवाज.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुकान बंद करायच्या आधी भागीरथाबाईने तिला बाहेर बोलावलं. काट्यावर एक छोटी परात ठेवली होती. परातीत नारळ, दोन मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण.

शामलाच्या लक्षात आलं. तिसऱ्या महिन्यात कोणाला न सांगता भरतात ती चोरओटी. तिची भरायची राहूनच गेली होती. भरायला सवाष्ण लागते, आणि भागीरथाबाई विधवा.

“मी नाही भरत,” भागीरथाबाई लगेच म्हणाली. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते. “मले अधिकार नाही, मले माहीत आहे. मी फक्त माल काट्यावर ठेवला. तू तुयी घे. काट्यानं भरली म्हण. काटा काही रांडाव नाही.”

शामलाला हसू आलं आणि मग दुसरंही काही आलं. तिने ओढणी पसरली, परात उचलली. उचलण्याआधी सवयीने आकडा पाहिला. एक किलो दोनशे दहा.

“चिठ्ठी फाड,” भागीरथाबाई म्हणाली. “माल बिनाचिठ्ठीचा बाहेर जात नाही या दुकानातून.”

शामलाने चिठ्ठी फाडली. माल: ओटी. वजन: एक दोनशे दहा. घेणार: शामला. ‘कोणाच्या नावे’ हा रकाना आला तेव्हा तिने वर पाहिलं.

“तो कोरा ठेव. नाव घातलं तर अपशकुन तुले, आणि शेठचा तगादा मले.”

शामलाने तो कोरा ठेवला. संध्याकाळी खोलीत दिवा लावून तिने ओटीच्या तांदळाची खीर केली आणि एकटीने खाल्ली. टोपली वर जाताना तिला वाटलं, एक वाटी खीर ठेवावी. मग काकू विचारतील कशाची, म्हणून ठेवली नाही.

सत्याहत्तराव्या दिवशी भागीरथाबाईचा आवाज बसला होता. “धुळीनं,” ती म्हणाली. शामलाने कोठ्यांमागून सांगितलं, “मावशी, परवापासून मीच येतो काट्यावर, तीनच राहिले.” बाहेरून उत्तर आलं, “एकोणीस म्हणलं होतं ना? मंग. तेरा किलो सातशे, लिही.”

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी ती आली नाही. शामलाने अंगठ्याच्या रकान्यात खाडा लावला. काट्यावर शेठचा भाचा उभा राहिला. एकोणऐंशीव्या दिवशीही नाही. फोन लागत नव्हता. भागीरथाबाईला मागेपुढे कोणी नव्हतं, एक पुतण्या होता, त्याचा नंबर कोणाजवळ नव्हता; तेवीस वर्षांत कोणाला लागला नव्हता. शामलाने दुसरा खाडा लावला. ऐंशीव्या दिवशी तिसरा. आणि त्याच पानावर, वरच्या ओळीत, स्वतःची ऐंशीवी सही केली. सही करताना आनंद होईल असं तिला जूनपासून वाटत आलं होतं. तिने पेनचं टोपण लावलं, एवढंच झालं.

दोन दिवसांनी पुतण्या दुकानात आला. बाहेरच उभा राहिला. दवाखान्यात खाट मिळायला एक दिवस गेला, म्हणाला, आणि खाट मिळाल्यावर एक रात्र. जाऊन चार दिवस झाले. शेठ गादीवरून उठले, पुन्हा बसले, आणि खरोखर रडले. त्यांना खोटं रडता येत नसे, हेही त्यांच्या खात्यावर मांडायला हवं. मग त्यांनी चौदा दिवस दुकान बंद केलं.

शामलाची तपासणी झाली. काही निघालं नाही. तरी चौदा दिवस घरात. आता टोपली उलटी चालू लागली: उत्तराकाकू वरून वरण-भात सोडायच्या, शामला खाली घ्यायची. तिसऱ्या दिवशी टोपली आली आणि कोणी घेतली नाही. काकूंनी वरून दोनदा हाक मारली. मग त्या दारापाशी आल्या आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा जिन्याचं दार उघडलं. खालच्या पायरीवर शामला बसली होती.

“काय झालं गं? जेवत का नाहीस?”

“काकू, मले सहावा लागला,” शामला म्हणाली.

“माहीत आहे,” वरच्या पायरीवर बसत उत्तराकाकू म्हणाल्या. “रोज सकाळी नळ मोठा सोडतेस. टाकी माझीच आहे ना.”

“मग विचारलं काहून नाही?”

“भाडेकरूच्या घरात नाक खुपसू नये, असं आमच्याकडे.” त्या थांबल्या. “चुकलंच म्हणायचं.”

अकरा पायऱ्यांच्या वरून आणि खालून त्या बोलल्या. शामलाने सगळं सांगितलं. एकदा सांगितलेलं असल्यामुळे या वेळी नीट सांगता आलं. ऐंशी दिवस आले तेव्हा उत्तराकाकूंनी हात वर केला.

“थांब. मार्चच्या वीसनंतर दुकान कोणी बंद केलं? तू?”

“सरकारनं.”

“तू यायला तयार होतीस?”

“होतो ना.”

“मग ते दिवस तुझेच. मी एकतीस वर्षं कामगार कोर्टात स्टेनो होते शामला. हे कलम माझ्या बोटांना पाठ आहे. ऐंशीचं वाक्य संपलं की खाली पुरवणी आहे: मालकाने काम दिलं नाही म्हणून बसावं लागलं, तेही दिवस मोजायचे. एकवीस मार्च ते चार जून. मोज.”

शामलाने मोजले. तिला बोटं लागली नाहीत. अकरा, तीस, एकतीस, चार. शहात्तर.

“आणि आधीचे एकोणचाळीस,” काकू म्हणाल्या. “जूनमध्ये तू पुन्हा दुकानाची पायरी चढलीस, तेव्हाच तू एकशे पंधरावर होतीस. पोटुशी म्हणून तुला काढता आलं नसतं. गर्दीत नको, आत बसवा, असं तुला कागदावर मागता आलं असतं. मालकाकडे. त्या बाईकडे नाही.”

शामलाने पायरीवरच्या धुळीवरून बोट फिरवलं. तिच्या लाल शाईतला तो लांब ‘बंद’ तिला दिसत होता. किती सुबक अक्षर काढलं होतं.

“तुमच्याकडे पहिल्या दिवशी आली असतो तर,” ती म्हणाली.

“अकरा पायऱ्या,” उत्तराकाकू म्हणाल्या. “मला उतरायला, तुला चढायला. कोणाच्या हिशेबात टाकायच्या, तूच सांग.”

अर्ज काकूंनी टाइप केला. दोन कागद: एकात सव्वीस आठवड्यांची रजा, दुसऱ्यात रजा लागेपर्यंत काट्यापासून लांब बसायची सोय. खाली कलमं, वर ‘महोदय’. दुकान उघडलं त्या दिवशी शामलाने ओढणी पुढून न घेता ते गादीवर ठेवले. शेठनी चष्मा लावला, पोटाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, कलमांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“पहिलेच बोलायचं ना बेटा,” ते म्हणाले, दुखावल्यासारखे. “मी तुला तेव्हाच घरी बसवली असती.”

“हो शेठजी,” शामला म्हणाली. “तेच भेव होतं.”

शेठनी सही केली. दोन्ही कागदांवर केली. त्यांचा भाचा वजनाचे आकडे ओरडू लागला आणि शामला कोठ्यांमागे जाऊन बसली. आवाज दुसरा होता, आकडे चुकत होते. दुपारी शेठनी आतून हजेरीपट मागवला; भागीरथाबाईचा शेवटचा पगार पुतण्याला द्यायचा होता. “सप्टेंबरचे किती भरतात तिचे?” त्यांनी विचारलं.

“तीन खाडे आहेत,” शामला म्हणाली. “पण शेठजी, त्यातले दोन ती गेल्यावरचे आहेत. मले माहीत नव्हतं.”

“सही नाही तो दिवस नाही, तूच म्हणतेस,” शेठ म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. खरंच तिचंच वाक्य होतं.

नोव्हेंबरात रजेवर जाताना शामलाने पट भाच्याच्या हवाली केला. पर्समधून ती जुनी चिठ्ठी काढली, एक किलो दोनशे दहाची, आणि ‘कोणाच्या नावे’ या कोऱ्या रकान्यात भागीरथाबाईचं नाव लिहिलं. अपशकुन काय व्हायचा तो होऊन गेला होता. ती चिठ्ठी तिने दुकानाच्या पावत्यांच्या तारेत टोचून ठेवली.

आता शेवटची बेरीज. शामलाला एकशे ब्याऐंशी दिवस मिळाले, जे तिचे होतेच. शेठना त्या दिवसांचा पगार द्यावा लागला, जो त्यांना द्यावाच लागणार होता. त्यांचं गेलं काही नाही. ऋषिकेशला मुलगी पाहायला चार दिवसांची सुट्टी मिळाली. उत्तराकाकू आता रोज संध्याकाळी सहा पायऱ्या उतरतात, शामला बाळ घेऊन पाच चढते, आणि दोघी तिथे बसतात. कायद्याला जे एक्केचाळीस दिवस नको होते, त्यातले बावीस शामलाने स्वतः भरले. राहिलेले एकोणीस भागीरथाबाईने अंगावर घेतले होते, आणि बोलली तसे फेडले: सोळा काट्यावर उभं राहून, आणि तीन खाडे.